माणसं मी बघतो

दुपारची जेवणं झाली की साइटवर थोडा वेळ सगळं थंडावतं. पत्र्याच्या ऑफिसात वैजयंती मगदूम खुर्चीत मान टाकून पडली आहे. झोप म्हणावी तर बाहेर लोखंडी प्लेटा आपटल्याचे आवाज ऐकू येताहेत, आणि जाग म्हणावी तर पापण्या उचलत नाहीत. डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. परसू आणि त्याची सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबचे साचे बांधणारी, टोळी आज काम सोडून मिरजेला चालली आहे. वरचा स्लॅब अजून व्हायचाय, आणि सांगलीत या दिवसांत दुसरी टोळी मिळणं कठीण.

समोरच्या खुर्चीत दस्तगीर मुल्ला येऊन बसतो. तिचा भागीदार. उन्हाळ्यात गेला, छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. त्याला बघून तिला नवल वाटत नाही. उशीर केला म्हणून थोडा राग येतो.

"ताई, पंखा लावा की."

"लाइट गेलीय. दस्तगीरभाई, परसू निघालाय. तुम्ही बोला त्याच्याशी."

"आता मी कसा बोलू?" तो अवघडून हसतो. "चला, वर तर जाऊ."

दोघं जिना चढतात. वर मजला लागायला हवा, पण लागतं ते दस्तगीरच्या घरचं स्वयंपाकघर. फोडणीचा वास सुटलाय. टोळीतली माणसं भिंतीकडं तोंड करून ओळीनं जेवायला बसली आहेत. एकही वळून बघत नाही. तिला नुसत्या पाठी दिसतात, आणि त्यांतली परसूची कुठली हेही ओळखता येत नाही.

"हा कोण?" ती एकाकडं बोट करते.

"सांगतो नंतर."

"आणि हा?"

"तुम्ही नकाशे बघा ओ ताई. माणसं मी बघतो."

हे वाक्य तिनं इतक्या वर्षांत किती वेळा ऐकलंय. आज मात्र तिच्या अंगाचा तिळपापड होतो. "काय बघितलं तुम्ही? तुम्ही गेलात आणि मला कुणी विचारेना. मी साइटवर फिरते ती परक्यासारखी. कुणाचं काय चाललंय, कोण का रुसलाय, काही कळत नाही. ही कसली भागीदारी?"

स्वयंपाकघराची भिंत आता नाहीच. ती लिफ्टच्या उघड्या खड्ड्याच्या काठावर उभी आहे. दस्तगीर तिच्या हातात ओळंब्याची दोरी देतो. "धरा जरा," म्हणतो आणि शिडीवरून खाली उतरतो.

ती दोरी बोटाला गुंडाळून घेते. खाली अंधारात वजन झुलत राहतं. वारा नाही, तरी थांबत नाही.

"भाई, बोला की काहीतरी."

खालून आवाज येतो. "भ्या वाटायचं, ताई."

"कशाचं?"

"तुम्हाला नकाशे येतात. बँकेत बोलता. साहेब लोक तुमचं ऐकतात. माणसंबी तुमचीच झाली असती, तर माझं काय काम ऱ्हायलं असतं? म्हणून मधी उभा ऱ्हायलो."

"जिवंतपणी सांगायचं होतं."

"तवा कुठं जमलं," तो म्हणतो. आवाज आणखी खोल गेलाय. दोरी एकदम ताणली जाते, बोट कापेल इतकी. ती सोडत नाही. "भाई," ती हाक मारते. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजतो.

ती डोळे उघडते. समोरची खुर्ची रिकामी आहे. खिडकीतून दिसतंय, गेटात टेम्पो येऊन लागलाय आणि टोळी आपलं सामान चढवते आहे.

चप्पल पायात सरकवताना तिच्या लक्षात येतं, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला मुंग्या आल्यात. ती बोट उजेडात धरते. त्याच्याभोवती दोरीचे दोन वेढे उमटलेत, लालभडक. ती टेबलावर बघते, खाली बघते. दोरी कुठंच नाही.

ती बाहेर येते आणि टेम्पोपाशी उभी राहते.

"परसू, जरा थांब. मला सगळ्यांची नावं सांग."

परसू हातातली प्लेट खाली ठेवतो. "जाताना नावं कशाला, मॅडम?"

"आधी विचारली नाहीत म्हणून."

तो तिच्याकडं बघतो, मग माणसांकडं. शेवटी तो ड्रायव्हरला गाडी बंद करायची खूण करतो. वैजयंती बोटावरून अंगठा फिरवते. वळ अजून तसेच आहेत, हाताला लागताहेत.