अव्वाच्या गळ्यातला दोरा

मी डॉक्टर आहे, त्यातही आयुष्यभर अ‍ॅनाटॉमी शिकवलेली. मेलेल्या माणसांच्या सहवासात माझ्याइतका वेळ फार थोड्यांनी घालवला असेल, आणि त्यांच्यापैकी एकानेही मला कधी त्रास दिलेला नाही! त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. तरीही हे लिहितेय... कारण ही गोष्ट माझ्याच घरातली आहे आणि तिचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. सोलापूरला बाळीवेशीजवळ आमचं घर. खाली सुताचं दुकान, वर आम्ही – आई, थोरला भाऊ, वहिनी आणि मेडिकलला असलेली मी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. वडील, म्हणजे अप्पा, आदल्या वर्षी गेले होते. आम्ही लिंगायत. अव्वाच्या गळ्यात इष्टलिंगाची, म्हणजे रोज पुजायच्या छोट्या शिवलिंगाची, चांदीची डबी, सुती दोऱ्यात ओवलेली, छातीवर रुळायची. ती अंगावेगळी करायची नाही म्हणजे नाही. दोरा नेहमी अप्पाच बांधून द्यायचे. सुताच्या गठ्ठ्यांना ते मारायचे तीच गाठ – चपटी, आणि एक ठरावीक टोक ठरावीक बाजूला ओढलं तरच सुटणारी. आम्हाला कोणालाच ती यायची नाही. शिकवा म्हटलं की "शिकवतो की, घाई काय हाय?" ते राहूनच गेलं.

अप्पांच्या मागे अव्वा स्वतःच गाठ मारायला लागली, शेंगांच्या पोत्याला मारावी तशी ओबडधोबड.

त्या उन्हाळ्यात तिला खोकला आणि धाप लागायला लागली. एक्स-रेला नेलं, तर डबी काढायला साफ नकार. "ह्ये काडलं तर मी मेल्यावानीच की!" फोटोवाले बिचारे काय करणार? डबीसकट फोटो काढला. छातीच्या मधोमध डबीचा अंड्याएवढा पांढरा डाग, बाकी सगळं स्वच्छ. आम्ही निश्चिंत झालो.

मग दोरा आखडायला लागला. "गळ्याला काचतोय गं," ही रोज सकाळची तक्रार. नवं सूत आटतं, असं भावाचं मत – आणि आम्ही पडलो सुताच्या धंद्यातले! वहिनीने दोरा उकळून काढला, आधीच काय आटायचं ते आटू दे म्हणून. भावाने रेशमी दोरा आणला. सगळं घर दोऱ्याकडे बघत होतं, गळ्याकडे कोणीच नाही. अव्वाचं आपलं ठरलेलं – "तुजे अप्पा वडतेत. मी मारलेली गाठ त्यास्नी कवा पटली हाय?" आम्ही हसायचो, तीही हसायची.

एका सोमवारी सकाळी ती दारात रांगोळी घालत होती. वाकून उठली तेव्हा चेहरा जांभळा पडलेला आणि मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. ताठ उभी राहिली तरी त्या ओसरेनात. हे चित्र मी नुकतंच पुस्तकात बघितलं होतं. डोकं, मान आणि हातांचं रक्त हृदयाकडे आणणारी एक मोठी शीर छातीत असते – सुपीरिअर व्हेना कॅव्हा. चांगली बोटाएवढी जाड, पण भिंत पातळ. शेजारी काही वाढलं की ती दबते आणि वरचं रक्त वरच तुंबतं. दोरा आटत नव्हताच... गळा सुजत होता. अप्पा गेले, आता हीसुद्धा जाणार, एवढंच डोक्यात घुमायला लागलं.

"अव्वा, चल दवाखान्यात."

"आज सोमवार हाय. पूजा तरी हू दे की!"

पूजा होईस्तोवर मी तिच्यासमोर बसून राहिले, आणि तेव्हा दिसलं – डबी छातीवर नव्हती. पार गळ्याच्या खळगीत चढलेली. सैल करावी म्हणून मागे हात घातला, तर गाठ सुटेना. वळवून बघितली. चपटी गाठ होती. आदल्या संध्याकाळी अव्वाने माझ्यासमोर तिची पोत्याची गाठ मारली होती. भाऊ आणि वहिनी दोघांनीही कानावर हात ठेवले. वाद घालायला वेळ नव्हता, तशीच तिला आमच्या कॉलेजच्या सरांकडे नेली.

पुन्हा एक्स-रे, पुन्हा तोच नकार, पुन्हा डबीसकट फोटो. पण या वेळी डबी वर होती. आधी तिने झाकलेल्या जागी, त्या शिरेला अगदी खेटून, लिंबाएवढी सावली दिसत होती. सरांनी दोन्ही फोटो खिडकीशी धरले. "डबी पहिल्या जागी असती तर आजही हे झाकलं गेलं असतं. वर कोणी बांधली? शाबास!" मी अव्वाच्या मानेमागची गाठ पुन्हा एकदा बघून घेतली.

पुण्याला ऑपरेशन झालं. सर्जन समजूतदार होते, डबी दंडाला बांधू दिली. पण ती गाठ काही सुटली नाही, दोरा कात्रीनेच कापावा लागला. ट्यूमर साधा निघाला, कॅन्सर नव्हता. भाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला, आणि मीही.

सुजेने दोरा घट्ट होतो हे मी कोणालाही समजावून सांगेन. पण सुजेने दोरा वीतभर आखूड होत नाही, आणि सूज गाठ मारत नाही. तो कापलेला तुकडा आजही माझ्याकडे आहे. दोन्ही टोकं ओढून बघितली, सुटत नाही.

घरी आल्यावर अव्वाने नवा दोरा घातला, स्वतःची गाठ मारली. रोज सकाळी ती मानेमागे हात नेऊन चाचपायची. गाठ तिचीच असायची.

"आता येईनात गं त्ये," एकदा म्हणाली.

"वाईट वाटतं?"

"वाईट कशाचं? काम झालं, निगाले. जिते हुते तवा तरी कुटं चा प्यायला थांबायचे?" आणि हसत ती रांगोळीला वाकली. उठली तेव्हा चेहरा होता तसाच होता, गव्हाळ.