शेजाऱ्याच्या पिंपात चाळीस दिवस

"पुरे झाली ही देवाची किरपा! कोन हाय त्यो, म्होरं ये म्हनावं!"

शुक्रवारची दुपार कलत आली होती आणि कोपरखैरण्याच्या आमच्या बैठ्या घरांच्या रांगेत शेजारचे काका लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून ओरडत होते. आवाज साताऱ्याकडचा. तळवलीतल्या म्हशी त्या दिवशी दूध द्यायच्या थांबल्या, असं नंतर कळलं. काकांच्या दाराबाहेरचं पिंप ओसंडून पाणी घरात शिरलं होतं, गव्हाचं पोतं भिजलं होतं, आणि एक चप्पल जासईच्या दिशेने निघाली होती. पाणी चोरलं म्हणून भांडणारे मी हजार पाहिलेत. पाणी भरलं म्हणून भांडणारा हा जगातला पहिला माणूस. आणि भरणारा मी.

खरं तर माझं त्यांच्याशी वैर होतं. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी यहुदी. आमच्यात स्थळं मुळातच मोजकी. त्यातून अलिबागची एक मुलगी मला आवडली होती, तिचे वडील घर बघायला आले होते. काकांनी त्यांना गल्लीच्या तोंडाशीच गाठलं. "पोरगं ब्येस हाय, पन ही मानसं आज ना उद्या इस्रायलला जायाची." एकुलत्या एक लेकीच्या बापाला समुद्रापलीकडच्या सासरचं नाव नको होतं. स्थळ मोडलं. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता हो! ठाण्याला जायचं तरी मी दोन दिवस आधी ठरवायचो.

तेव्हापासून मी काकांशी रोज चौदा तास भांडत असे, मनातल्या मनात. तुर्भ्याच्या कारखान्यात मशीनवर कुठलाही पार्ट लावला की मला काकांचं नाक दिसायचं. जेवण जाईना. इतका वाळलो की वारा सुटला की आई म्हणायची, "खिडकीचा गज धरून बस."

शेवटी तिने मला पनवेलला मामाकडे नेलं. मामा तिथल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायचा आणि जुनी हिब्रू पुस्तकं नाकाला लावून वाचायचा.

"मिसरातल्या फारो राजाच्या गुलामगिरीतून सुटले ते आपले पूर्वज," तो म्हणाला. "तू अजून तिथेच आहेस. फारो आत बसलाय आणि तुझ्याकडून विटा पाडून घेतोय."

"मग काय करू?"

"हेसेद. प्रेमाने केलेलं भलं. जुने जाणते सांगतात, राग म्हणजे आग आणि हेसेद म्हणजे पाणी. ज्याच्यावर राग आहे त्याचंच रोज एक भलं कर, चाळीस दिवस. पण त्याला कळता कामा नये. कळलं, की मोजणी पुन्हा एकपासून."

"त्या माणसाचं भलं? मामा, त्यापेक्षा मला खरंच इस्रायलला पाठव."

पण मी पडलो फिटर. पाणी म्हटलं की पाणीच. काकांचं घर रांगेत शेवटचं, त्यांचा नळ नुसता खोकायचा. दुखरी कंबर घेऊन ते सकाळी लांबून हंडे आणायचे. पहिली पाळी संपवून मी तीन वाजता घरी यायचो, काका-काकू वामकुक्षीत असायचे, आणि मी आमच्या टाकीतले सहा हंडे त्यांच्या पिंपात ओतायचो.

पहिला आठवडा हंड्यागणिक एक शिवी दिली. पंधराव्या दिवशी शिवी आठवेना. काकूंनी तोवर देवाची कृपा समजून पिंपाला हळदकुंकू वाहून झेंडू चढवला होता. सव्विसाव्या दिवशी ओतताना मी आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं गाणं गुणगुणत होतो, आणि एकदम ध्यानात आलं, आज भांडण झालंच नाही! छातीत एवढी जागा मोकळी झाली होती की दोन प्लॉट पडले असते.

अडचण एकच, शनिवारची. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार संध्याकाळपर्यंत आमचा विश्रांतीचा शब्बाथ, त्यात पाणी वाहून न्यायचं नाही. मामाला विचारलं, तर म्हणाला, "रानात पूर्वजांसाठी आकाशातून पडणारं अन्न, मन्ना, तेसुद्धा शुक्रवारी दुप्पट पडायचं." झालं! मी दर शुक्रवारी बारा हंडे ओतू लागलो. जास्तीचं पाणी बाहेर ठेवलेल्या काकूंच्या बादल्यांत जायचं. या चौतिसाव्या दिवशी काकूंनी बादल्या आत नेल्या होत्या, आणि मी गाण्याच्या नादात बघितलंच नाही.

"रोज भरतंय," काका बोटं मोजत ओरडले. "शुक्रवारी दुप्पट. शनिवारी थेंब न्हाई. शनिवारी रजा घेनारा देव कंचा, सांगा मला!"

सगळी गल्ली सावकाश आमच्या दाराकडे वळली.

नाही म्हणता आलं असतं. सहाच दिवस उरले होते. कबूल केलं की चौतीस दिवस पाण्यात, अगदी खरोखरच्या पाण्यात. पण काकांचा तो अवतार बघून मला असं हसू फुटलं की कबुली त्याच्याबरोबरच बाहेर पडली.

"मीच, काका."

सूर्यास्ताला दोनच तास होते, मग शब्बाथ लागला की कामाला हात लावता येणार नव्हता. मी फडकं घेऊन त्यांच्या घरात शिरलो, जमीन पुसली, गहू चादरीवर पसरला आणि पुसता पुसता सगळं सांगितलं. मोडलेलं स्थळ, फारो, आग, पाणी, हेसेद. "तुमच्यावरचा राग गेला, काका. मोकळा झालो मी. आता रविवारपासून पुन्हा एकपासून मोजायचं."

काकांनी माझ्याकडे बघितलं, गव्हाकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं.

"दुपारी म्या झोपल्यालोच आसतो, मला काय म्हाईत न्हाई. पन झाकन लावत जा," ते म्हणाले. "डास व्हत्यात."