जेवणाआधीची जेल

परवा दाताच्या डॉक्टरांनी हिरडीला बधिर करणारी जेल लावली आणि त्या गोडसर वासासरशी मला आमचं कळंब्याचं स्वयंपाकघर आठवलं. कॅन्सरच्या उपचारानं वडिलांच्या जिभेवर, गालात फोड आले होते, पाणीसुद्धा झोंबायचं. त्यांना घशात मारायचा स्प्रे हवा होता. कॅन्सरच्या डॉक्टरांनी साफ नकार दिला. घसा बधिर झाला तर घास श्वासनलिकेत जाईल, म्हणाले, आणि फक्त फोडांवर बोटानं लावायची सौम्य जेल दिली. रविवारी आईनं बिनतिखटाचा पांढरा रस्सा केला. जेल लावून, थोडं थांबून वडिलांनी वाटी तोंडाला लावली आणि कित्येक आठवड्यांनी न कळवळता प्यायले. आई हरखली. "दुखलं न्हाय न्हवं?" वडील वाटीत बघत राहिले. "न्हाय. पर मीठ घातलंयस का?" मीठ बरोबर होतं. पुढच्या रविवारी त्यांनी जेलची ट्यूब बाजूला सारली. "दुखू दे की. रस्सा पितोय एवढं तरी कळू दे," म्हणाले आणि डोळ्यांतून पाणी गाळत वाटी संपवली. तो त्यांचा शेवटचा रस्सा. "दुखतंय का?" दाताचे डॉक्टर मला विचारत होते. माझे डोळे भरले होते, आणि दुखत तर काहीच नव्हतं.