न सुटलेला पहारा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणाऱ्यांतला मी. जालन्यात स्टील कंपनीत क्वालिटीला आहे; जे काट्यावर चढत नाही ते माझ्या लेखी नसतंच. तरी लिहितोय, कारण बायको म्हणाली, "मला शंभरदा सांगून झालं, आता लोकांना सांगा!"

माझे वडील, आबा, वडीगोद्रीला राहतात. वय ऐंशीच्या घरात. गावच्या सप्ताहात दुपारचा वीणेचा पहारा वर्षानुवर्षं त्यांचाच. सप्ताह संपेपर्यंत वीणा खाली टेकवायची नसते. गळ्यात घेऊन उभं राहायचं, नाम घ्यायचं. पुढचा माणूस पाया पडून ती आपल्या गळ्यात घेतो, तेव्हाच पहिला सुटतो. यंदा आबा पहाऱ्यावरच कोसळले. धावपळीत कुणीतरी त्यांच्या गळ्यातली वीणा काढली आणि आम्ही त्यांना गाडीत घालून जालन्याला आणलं.

डोक्यात थोडा रक्तस्राव होता. "ऑपरेशन नको, पण बीपी खाली यायला हवं, झोप लागायला हवी," डॉक्टर म्हणाले. आणि आबा काही केल्या झोपेनात! औषध देऊनही डोळे टक्क उघडे. बोलणं नाही, ओळख नाही. उजवा हात छातीशी आखडलेला — सिस्टर सरळ करायच्या, तो परत तिथंच. "असंच राहिलं तर अवघड आहे..." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दिवसभर बडबडणारा माझा म्हातारा, असा मी कधी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे बालमित्र दामूकाका आले. आयसीयूत गेले आणि आबांचा हात पाहून थबकले.

"अरे बाबा, हा तर पहारा देऊन राह्यला! कुणी पाया पडून सोडवलाच न्हाई याला. तसाच उचलला गड्याला!"

"काका, इथं कुठली वीणा..."

"तू गप बैस."

त्यांनी आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग आबांच्या छातीवरून दोन्ही हातांनी काहीतरी अलगद उचललं आणि आपल्या गळ्यात घातलं. आबांचा हात सैल पडला. डोळे मिटले. आणि आबा चक्क घोरायला लागले! सिस्टर मॉनिटरकडे बघत राहिल्या. मी रडायलाच लागलो.

इथपर्यंत ठीक. मनाचं समाधान वगैरे म्हणता येईल. डॉक्टरही तेच म्हणाले. पुढचं ऐका.

बाहेर आल्यावरही काकांचे हात तसेच. "खाली ठेवता येत न्हाई. गावात नेऊन देवळातच देतो. पण सकाळपासून चहा न्हाई रे... जरा धर."

लोक बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ज्यानं माझ्या बापाला झोपवलं त्याला नाही कसं म्हणू? पाया पडलो, मान पुढं केली. आणि खांद्यावर वजन आलं. खरंखुरं वजन! काका येईपर्यंत कॉरिडॉरच्या टोकाला, भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. तोंडातून नाम आपोआप येत होतं. आयसीयूचं दार बंद, आत आबा गाढ झोपेत.

काका जीपनं गावी गेले. वीणेला धक्का नको म्हणून पुढची सीट मागून घेतली म्हणे!

आबा वाचले. आता काठी टेकत अंगणात फिरतात, माझ्यावर खेकसतात. दवाखान्यातलं काही आठवत नाही म्हणतात. आम्हीही सांगितलेलं नाही, आणि काका देवाशपथ म्हणतात की त्यांनीही नाही. परवा मी आबांचं बीपी मोजत होतो, तर मधेच म्हणाले,

"दामू चहाला गेल्ता तव्हा वीणा बराबर धरली होतीस रे. पण भिंतीकडं तोंड करून काय उभा राह्यला? लाजत होता व्हय?"

"हो आबा," म्हणालो. कुणाला स्पष्टीकरण सुचलं तर कळवा. मला सुचलेलं नाही... आणि खरं सांगू? आबा समोर बसून खेकसतायत तोवर मला ते शोधायची घाईही नाही.