सदाफुलीच्या पानातली बुरशी

पलीकडच्या कॉलेजातल्या ताई आज माझ्या दारातल्या सदाफुलीची पानं न्यायला आल्या. म्हणाल्या, "काकू, ह्या पानांच्या आत बुरशी राहते. सदाफुलीत कॅन्सरचं औषध असतं; ही बुरशीसुद्धा ते करते का, ते बघायचंय."

"अगं बाई, बुरशी? झाड तर टवटवीत आहे!"

"आतलं वरून कळत नाही, काकू."

त्या निघाल्या, पण माझं मन त्या पानातच अडकलं. पानाच्या आत राहून कुणी औषध करत असेल; माणसाच्या आत काय चाललेलं असतं, कोण जाणे. महिनाभर माझ्या छातीत एक गाठ हाताला लागते आहे. दुखत नाही, पण लाजेने ह्यांनाही सांगितलेलं नाही. मीही वरून टवटवीतच दिसते.

फाटकाशी धावत जाऊन मी ताईंना हाक मारली. त्या वळल्या.

"आणखी पानं हवीत का?" एवढंच तोंडातून निघालं.