आक्का आणि तळमजल्यावरचा रेडिओ

सगळ्या लीड्स शहरात माझ्या थोरल्या मेहुणीइतकी चिवट बाई दुसरी नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. परवाचा शनिवारच घ्या. सुपरमार्केटच्या दारात आम्ही दोघं इस्पितळाच्या रेडिओसाठी बादल्या घेऊन उभे. आक्कांच्या अंगावर काठाची साडी, वर गुडघ्यापर्यंत लोंबणारं पिवळंधमक जाकीट, पायात लोकरीचे मोजे, डोक्याला मफलर. बादली खुळखुळवून पैसे मागायचे नाहीत असा इथला दंडक, तो त्या कसोशीनं पाळतात. पण नजरेवर दंडक नाही. माणूस ट्रॉली ढकलत बाहेर आला की आक्का त्याच्याकडे अशा बघतात, जसं काही त्यानं आत्ताच सलाइनची नळी उपटून टाकलीय. जन्मभर वॉर्डात सिस्टर होत्या, ती नजर अजून ड्यूटीवरच आहे. माणूस मुकाट्यानं खिशात हात घालतो. भुरभुर पाऊस सुरू झाला तसं मी म्हटलं, "आक्का, पुरे आता." पोटावर हात दाबून त्या म्हणाल्या, "थंडी वाजत असेल तर जागच्या जागी उड्या मारा, भावोजी. लोक अजून येतायत." पोट का दाबताय विचारलं तर म्हणाल्या, "गॅस." मग थर्मासातला चहा आळीपाळीनं एकाच झाकणातून प्यालो आणि बस धरली.

हा रेडिओ म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही आधी ठाऊक नव्हतं. इस्पितळाच्या तळमजल्यावर एक खोली आहे. दुपारी कुणीतरी वॉर्डात फिरून खाटेखाटेवर विचारायचं, तुम्हाला कुठलं गाणं हवं, आणि संध्याकाळी खालून ते लावायचं. वर पडलेली माणसं कानाला यंत्र लावून ऐकतात. काम करणारे सगळे बिनपगारी. इस्पितळ खोली देतं, बाकीचं सगळं बादलीवर. रिटायर झाल्यावर इथल्या बायका कुत्रं पाळतात, आक्कांनी रेडिओ पाळला. मी सातवी नापास, जन्म गेला त्याच इस्पितळाच्या चादरी धुण्यात. मला त्यांनी खोकी उचलायला धरलं.

पैसे उभे करायच्या त्यांच्या एकेक तऱ्हा. एकदा त्यांनी जाहीर केलं की मी दिवसभर मौन पाळणार, पाळलं तर पैसे द्या. इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या डॉक्टरांनी एवढ्या उत्साहानं पैसे दिले की बघत राहावं. एक जण म्हणाला, "आक्का, वर्षभराचं करा, मी आगाऊ देतो." सकाळ बरी गेली. जेवणाच्या आधी वॉर्डात एका नव्या नर्स पोरीनं खाटेची चादर कोपऱ्यात नीट न खोचता सोडली आणि आक्कांचं मौन सुटलं. सुटलं ते असं की संध्याकाळपर्यंत मिटलं नाही. पैसे मात्र एकालाही परत दिले नाहीत. म्हणाल्या, "सकाळभर गप्प होते ते काय फुकट?"

आणि कार्यक्रम संपताना रोज इंग्रजीत काय म्हणायच्या, तर "या हं परत!" आपल्यात पाहुणा उंबऱ्याबाहेर पडताना म्हणतोच आपण, जीभ तशी वळलेली. त्यांच्याबरोबर मशीन सांभाळणारा एक रिटायर झालेला पोस्टमन आहे, गोरा, भला माणूस. तो कळवळून म्हणाला, "लव्ह," इथं कुणाही बाईला लव्हच म्हणतात, "हे हॉस्पिटल आहे. इथं परत यावंसं कुणालाच वाटत नाही." आक्का त्याला म्हणाल्या, "मग काय जा म्हणू? आमच्यात निघणाऱ्याला जा म्हणत नाहीत." कुणीतरी वर तक्रारही केली. पण खुब्याचं हाड मोडलेला एक म्हातारा घरी गेल्यावर महिन्याभरानं काठी टेकत, केक घेऊन त्या खोलीत हजर झाला. म्हणाला, तुम्ही या म्हणालात म्हणून आलो. केकचा पहिला तुकडा पोस्टमननंच उचलला.

आमची ही शेवटी त्याच इस्पितळात होती, वरच्या मजल्यावर, खिडकीशेजारी. आक्का सख्खी बहीण, पण वर येईनात. रोज संध्याकाळी खालून एक मराठी गाणं यायचं, "खिडकीजवळच्या बाईंसाठी." हिचा चेहरा उजळायचा आणि माझं डोकं फिरायचं. एक दिवस खाली गेलो आणि तोंडावर विचारलं, "आक्का, बहीण वर मरतेय आणि तुम्ही इथं गाणी कसली लावताय?" त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "वर बसले तर रडेन. मला रडताना बघून ती घाबरेल, तिला माहितीये मी रडत नाही. इथं माइकसमोर रडता येत नाही, म्हणून इथं बसते." मला ते काही पटलं नाही. ही गेली. तेव्हापासून मी त्या इस्पितळात खोकी घेऊन जायचो ती तळमजल्यापर्यंत. वर पाऊल टाकलं नव्हतं.

तर, शनिवारचा तो गॅस गॅस नव्हता. सोमवारी आक्का स्वयंपाकघरात कोसळल्या. पित्ताशय सडलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात धोका आहे, पण आजच कापायला हवं. स्ट्रेचरवरून नेताना बाई मला बजावतात, "भावोजी, सातचा कार्यक्रम चुकता कामा नये. पोस्टमनला एकटं सोडू नका, तो सारखा त्याच्या त्या एकाच बाईची गाणी लावतो." मी म्हटलं, "गप पडा." तेव्हा त्यांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत कधी धरला नव्हता. गार होता. दार बंद झालं आणि माझ्या डोक्यात एकच आलं, या बाई गेल्या तर या देशात मला भावोजी म्हणणारं कुणी उरत नाही. आणि ही परकर-पोलक्यात कशी दिसायची, हे सांगणारंही कुणी नाही.

ऑपरेशनची खोली तळमजल्यावरच, पण बाहेरच्या खुर्चीवर बसवेना. उठलो आणि रेडिओच्या खोलीत गेलो. सात वाजता पोस्टमननं माइक माझ्याकडे सरकवला, लाल दिवा लागला, म्हणजे माइक चालू. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो, आज हे गाणं एका बाईसाठी आहे, ती ऑपरेशनला गेलीय. एवढंच. आवाज फुटायला आला होता, पण दिवा लाल होता, फुटला नाही. आक्का त्या दिवशी काय म्हणत होत्या ते तेव्हा कळलं. गाणं झालं, दुसरं झालं, चौथं संपतंय तोच भिंतीवरचा फोन वाजला. नर्स होती. ऑपरेशन नीट पार पडलं, बाई शुद्धीवर आल्यात आणि सारखं विचारतायत, सात वाजले का? मी फोन टाकला आणि ओरडलो, "वाचली रे बाबा म्हातारी!" पोस्टमननं मला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावरून मला दिसलं, दिवा लालच होता. अख्ख्या इस्पितळानं ऐकलं. त्यानं घाईनं बटण दाबलं, दिवा विझला, आणि मग मी खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडलो. त्यानं तेवढ्या वेळात त्याच्या त्या बाईची दोन गाणी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो. हिचा छोटा कुकर फडताळात मागं होता, तो काढला, घासला आणि मऊ भात लावला. डबा स्वेटरात गुंडाळून बस धरली. लिफ्टचं बटण दाबलं आणि वर गेलो. नर्सला विचारलं, ती म्हणाली, दोन चमचे चालेल. आक्का उशीला टेकून बसल्या होत्या, केस विस्कटलेले, एवढ्याशा झालेल्या. त्यांनी आधी माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हातारी कुणाला म्हणालात?"

"तुम्हालाच."

"तरी म्हटलं. मराठी डॉक्टर सांगून गेला." दोन चमचे भात खाल्ला. "मीठ जास्त झालंय, भावोजी."

"खा गुपचूप," म्हणालो. खाता खाता त्यांचा डोळा लागला. मी खुर्ची ओढून तिथंच बसलो आणि डब्यातला उरलेला भात खाल्ला. मीठ खरंच जास्त झालं होतं. ही असती तर तिनं वरून दही कालवलं असतं.