लेपाखालची नळी

धारगळला हमरस्त्याच्या कडेला सगुण मेस्ताचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, चार खांबांवर टाकलेले पत्रे, खाली एक लांबट खड्डा आणि त्या खड्ड्यात उतरलेला सगुण. गिऱ्हाइकाला तो दिसायचा तो बहुतेक वेळा गळ्यापासून वर. माणूस मुळात कमी बोलणारा, त्यात दातांत नट धरून काम करायची सवय. त्यामुळे दहा प्रश्न विचारले की नऊंची उत्तरं हुंकारात यायची आणि दहाव्याचं यायचंच नाही. तरी चौऱ्याऐंशी साली पेडण्यापासून डिचोलीपर्यंत जुन्या गाड्या हाकणाऱ्यांत सगुण मेस्ताला न ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता. हे नाव त्याला मिळालं ते त्याच्या लेपामुळे.

हा लेप घराण्यातला. सगुणाचा बाप पांडुरंग आरोंद्याच्या खाडीवर होड्यांना डांबर लावायचं काम करायचा. काजूच्या टरफलाचं तेल आणि डांबर एकत्र कढवून तो होडीच्या तळाला असा चोपडायचा की लाकूड वर्षानुवर्षं पाण्याला दाद देत नसे. मुलगा गॅरेजात शिरला, त्याने त्यात इंजिनातलं जळकं तेल मिसळलं आणि होडीचा लेप गाडीला लावला. गोव्यात गाडी म्हातारी होते ती खालून. एका अंगाने समुद्राचा खारा वारा, दुसऱ्या अंगाने खाणीची लाल धूळ, आणि वर चार महिने पाऊस. मालक आपला वरून रंग चकाकवत बसतो आणि खाली पत्र्याची चाळण झालेली असते. त्यामुळे मे महिना लागला की सगुणाच्या दारात गाड्यांची रांग लागायची. एकदा लेप चढला की मालक छातीठोकपणे सांगत सुटायचा, सगुणाचो लेप लावललो असा, आता दोन वर्सां खाली बघूक नको.

आणि खरोखरच कोणी बघत नसे.

आता यातला घोळ सांगायलाच हवा. पांडुरंग होडी आधी किनाऱ्यावर ओढून वाळवायचा, आठ-आठ दिवस खरवडायचा, कोरं लाकूड हाताला लागल्याशिवाय डांबराच्या भांड्याखाली जाळ करत नसे. सगुणानेही पहिली काही वर्षं तारेच्या ब्रशाने गाडीचा तळ घासला. एकेका गाडीला दोन दोन दिवस जायचे. पण नाव झालं, रांग वाढली, आणि प्रत्येकाला आपली गाडी पावसाआधीच हवी. मग घासणं गेलं आणि पंपाचं पाणी आलं. पंपाने वरवरचा चिखल जातो. नळीच्या आणि तिला धरणाऱ्या क्लिपच्या मधे घट्ट बसलेली खाणीची माती जात नाही. ती ओली माती तशीच राहायची आणि तिच्यावर जाडजूड लेप. दिसायला काय, काळंभोर, गुळगुळीत! बघून सगुणाचं मनही प्रसन्न व्हायचं. बापाची रीत आपण अर्धी मोडली आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही. लोकांना घाई आहे, असं तो स्वतःला सांगायचा आणि पुढची गाडी घ्यायचा.

या गाड्यांतली एक गुरुदासची. गुरुदास म्हणजे सगुणाच्याच वाड्यावरचा, बरोबरीचा, लहानपणापासूनचा सोबती. सहासष्ट सालची काळी-पिवळी टॅक्सी होती त्याची. नवरा माझ्यापेक्षा गाडीला जास्त वेळा पुसतो, असं त्याची बायको सुमंगला चारचौघांत सांगायची, आणि गुरुदास ते खोटं आहे असं कधी म्हणाला नाही. सुर्ल्याच्या खाणीवरच्या कारकुनांची ने-आण हे त्याचं ठरलेलं काम. दिवसभर खनिजाच्या ट्रकांमागून लाल धूळ खात हिंडायचं आणि संध्याकाळी येऊन गाडी धुवायची. अठरा वर्षांत त्याच्या हातून कुणाला साधा ओरखडा आला नव्हता.

त्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, तो एका कारकुनाच्या आईला म्हापशाच्या डॉक्टरकडे घेऊन निघाला होता. जानकीकाकू म्हणायचे सगळे तिला. सत्तरीची बाई, मागच्या सीटवर एकटीच. सुर्ल्याबाहेरच्या उतरणीवर गाडी थांबली नाही. वळणावरच्या दगडी बांधावर जाऊन आदळली. गुरुदासचं डोकं फुटलं, बरगड्या मोडल्या. जानकीकाकू जागच्या जागी गेली.

पंचनामा झाला. गाडीचं नाक चेपून आत गेलं होतं, पुढचं ब्रेकचं सगळं तेल सांडलं होतं, त्यामुळे ब्रेक चालत होते की नव्हते ते सांगायला जागा उरली नव्हती. रस्त्यावर चाकं घासल्याची खूण मात्र कुठे नव्हती. ब्रेक मारला असता तर रबर घासलं असतं, ते घासलेलं नाही, म्हणजे ब्रेक मारलाच नाही, म्हणजे ड्रायव्हर झोपला होता. पाहणीला आलेल्या साहेबाने एवढा सरळ हिशोब केला, कागदावर लिहिला आणि तो निघून गेला. लोकांनाही तो पटला.

गुरुदासने तरी काय बोलावं? त्याला काही आठवतच नव्हतं. आठवडाभर इस्पितळात काढून तो घरी आला तेव्हा त्याला उतरण सुरू झाल्याचं आठवत होतं आणि त्यानंतर एकदम इस्पितळाचं छप्पर. मधलं सगळं पुसलेलं. आपण ब्रेकवर पाय दिला की नाही, हे तो ज्याला त्याला विचारायचा, जणू काही दुसऱ्या कुणाला ते ठाऊक असणार होतं.

दुर्दैवाने एकाला ठाऊक झालं. पोलिसांनी गाडी सोडली तेव्हा ती ओढून आणली सगुणाच्याच गॅरेजात. पुढचा भाग भंगार होता, पण मागचं धूड शाबूत होतं. सगुण सवयीने खड्ड्यात उतरला आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळीवर त्याचा हात थांबला. क्लिपपाशी लेप आतून फुगून फाटला होता. नखाने लेप सोलला तर खाली लाल माती, आणि मातीखाली नळी गंजाने कुरतडून कागदाएवढी पातळ झालेली. तिथेच ती बाहेरच्या बाजूला फुटली होती. तिथून ब्रेकचं तेल उडून मागे डिकीच्या तळापर्यंत लांब फवारा गेला होता.

सगुण तिथेच उकिडवा बसला. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आदळल्याने फुटलेली नळी पुढे फुटते, मागे नाही. उभ्या गाडीतून तेल थेंब थेंब गळतं, मागे फवारा उडत नाही. पायाने जोरात दाबल्याशिवाय नळी अशी बाहेर उमलत नाही. गुरुदासने पाय दिला होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा दिला होता. त्या काळच्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकला तेलाची वाट एकच. ती एका ठिकाणी फुटली की चारही चाकं मोकळी. हँडब्रेकची तार तर त्या वेळी बहुतेक टॅक्सींत शोभेपुरतीच असायची. गुरुदासचा काडीचाही दोष नव्हता. दोष लेपाचा होता, आणि लेप कुणाचा ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

सगुणाने तेवढा तुकडा करवतीने कापला, चिंधीत गुंडाळला आणि हत्यारांच्या पेटीत तळाला ठेवला. बायकोला, देवकीलाही त्याने सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाला स्वतःला. भ्याला होता, दुसरं काय! एका बाईचा जीव गेला होता.

त्यानंतर चारच दिवसांनी गुरुदासने देवाला कौल लावायचं ठरवलं. आठवत नाही, माणसं काहीबाही बोलतात, तर ग्रामदेवालाच विचारू. आपल्याकडे जमिनीच्या तंट्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं तिथे विचारतात, मग हे का नाही? सोबत म्हणून तो सगुणालाच घेऊन गेला. सगुण जाणार नव्हता, पण नाही म्हणायला कारण कुठलं आणणार? गुरवाने मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, तेचो पाय वेळार ब्रेकार पडललो असात तर उजवी दी. नसात तर डावी दी."

देवळात आठ-दहा माणसं होती. सगुण खांबाला पाठ लावून उभा होता आणि मनात उजवी, उजवी म्हणत होता. उजवी पडली असती तर त्याची सुटका होती. गुरुदास मोकळा, आणि पेटीतल्या तुकड्याची गरजच नाही. बराच वेळ गेला. मग डावी पाकळी सुटून खाली पडली.

गुरुदासने हात जोडले आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून तो आठवत नाही असं म्हणायचा बंद झाला. मला झोप लागली, म्हणू लागला.

आणि सगुण? सगुणाने काय केलं ते ऐकलं की कुणालाही त्याचा राग येईल आणि कीवही येईल. दुसऱ्या दिवसापासून तो पेडण्याच्या, म्हापशाच्या, डिचोलीच्या टॅक्सीस्टँडवर फिरला आणि ज्या ज्या गाडीला आपला लेप आहे ती ती बोलावून घेतली. नवीन जातीच्या नळ्या आल्यात, बदलून देतो, असं सांगितलं. झोपायचंच सोडलं म्हणावं इतका राबला. एकूण सव्वीस गाड्या त्याने तारेच्या ब्रशाने कोऱ्या पत्र्यापर्यंत घासल्या. त्यांतल्या पाच गाड्यांच्या नळ्या नुसत्या बोटाच्या दाबाने तुटल्या. पाच! लोक काय म्हणाले? सगुण मेस्त म्हणजे देवमाणूस, असं म्हणाले. त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. पुढचा धोका टळला, आता झालेलं उकरून काढून काय मिळणार, जानकीकाकू परत थोडीच येणार, आणि देवाचा कौल आपण कसा खोटा ठरवायचा, असं सगळं त्याने मनाशी नीट रचून ठेवलं होतं.

ते रचलेलं देवकीने एका रविवारी सकाळी मोडलं, तेही नकळत. ती दुकानावरून पाव घेऊन आली आणि म्हणाली, सुमंगला भेटली होती, रडत होती. उद्या डिचोलीच्या कोर्टात तारीख आहे. वकील नको म्हणतो गुरुदास. मी झोपलो होतो, माझ्या हातून बाई मेली, एवढंच सांगणार आणि देतील ती शिक्षा घेणार.

सगुण तसाच उठला. पेटीतून चिंधीची गुंडाळी काढली आणि चहा न घेता बाहेर पडला. देवकी मागून हाका मारत राहिली.

गुरुदास पडवीत बसला होता. सुमंगला जवळच तांदूळ निवडत होती. परसात विहीर होती आणि तिकडे जायचं दार उघडंच होतं. सगुणाने खाली बसून चिंधी सोडली आणि नळीचा तुकडा गुरुदासच्या पुढ्यात ठेवला. बोलायची सवय नसलेल्या माणसाने एवढं एका दमात बोलावं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं असेल. क्लिप, माती, लेप, फवारा, सगळं सांगितलं. न घासता लेप लावला हेही सांगितलं.

"तुझो पाय पडललो, गुरुदासा. पुरो पडललो. नळी माझ्या लेपाखाली गंजलली."

गुरुदासने तुकडा उचलला. फुटलेल्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. मग म्हणाला, "पण देवान डावी दिल्यान."

"देवाचा माका म्हायत नाय. मी थयच उभो होतंय. माका म्हायत होता आणि मी गप रवलंय."

उद्या मी कोर्टात येतो, सगुण पुढे म्हणाला, हा तुकडाही आणतो, आणि बाकीची नळी अजून गाडीत आहे ती ज्याला बघायची त्याने बघावी. गुरुदासचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. माझो पाय पडललो, असं तो हळू आवाजात दोनदा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

सुमंगलेने सूप बाजूला ठेवलं. ती चिडली नव्हती, आवाजही चढला नव्हता. तुम्हाला हे कधीपासून ठाऊक, एवढंच तिने विचारलं. सगुणाने खरं ते सांगितलं, कौलाच्या आधीपासून.

"कौल लागलो तेच्या दुसऱ्या दिसापासून, मेस्तांनू," ती परसातल्या विहिरीकडे बघत म्हणाली, "मी ह्येंका एकट्यांका बावीर जावक देवक नाय. एकवीस दिस."

सगुणाला मान वर करवली नाही. आपण सव्वीस गाड्या घासत होतो ते हेच एकवीस दिवस, हे त्याला तिथे बसल्या बसल्या कळलं.

थोड्या वेळाने गुरुदास उठला. तोंड धुऊन येतो म्हणाला आणि परसाकडच्या दाराने एकटाच बाहेर गेला. विहिरीवरचा रहाट करकरला, कळशी पाण्यात बुडाल्याचा आवाज आला. सुमंगला त्या आवाजाकडे कान देऊन बसली होती, पण जागची उठली नाही.